शिक्षण मोफत, वाट मात्र विकतची

जूनचा पहिला पाऊस पडला की महाराष्ट्रातील बहुतेक एसटी आगारांत एक दृश्य हमखास दिसते. पासच्या खिडकीसमोर गणवेशातील मुलामुलींची रांग लागलेली असते. कुणाच्या हातात शाळेचा दाखला आणि छायाचित्र, तर कुणासोबत दिवसाची मजुरी बुडवून आलेला बाप. घडी घालून मुठीत धरलेल्या नोटा खिडकीतून आत सरकतात आणि एक छोटेसे कार्ड बाहेर येते. त्या कार्डावर मुलाचे वर्ष अवलंबून असते.

जून 2025 मध्ये परिवहन महामंडळाने हे पास थेट शाळेत जाऊन देण्याची मोहीम राबविली. विद्यार्थ्यांचा खोळंबा वाचविणारा हा उपक्रम निःसंशय स्वागतार्ह आहे. रांगेचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटतो. मुठीतल्या नोटांचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि ज्या एसटीसाठी तो पास काढला ती वेळेवर येणार का, हा त्याहून मोठा प्रश्नही तसाच राहतो.

एका घराचा हिशेब

नियमानुसार विद्यार्थ्याला मासिक पासात 66.67 टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग त्याने भरायचा. कागदावर ही सवलत भरघोस दिसते. परंतु एक तृतीयांश कशाचा, हेही पाहिले पाहिजे. एसटीचे साधे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. ऑक्टोबर 2021 पूर्वी एका टप्प्याला 7 रुपये 45 पैसे पडत. त्या महिन्यात ते 8 रुपये 70 पैसे झाले आणि 25 जानेवारी 2025 पासून 10 रुपये 5 पैसे झाले. साडेतीन वर्षांच्या आत भाडे सुमारे पस्तीस टक्क्यांनी वाढले. पास हा भाड्याचाच अंश असल्याने सवलतीचा टक्का तोच राहिला, तरी घरातून जाणारी रक्कम वाढली.

तालुक्याच्या गावापासून चोवीस किलोमीटरवर राहणाऱ्या अकरावीच्या मुलाचे उदाहरण घ्यावे. चोवीस किलोमीटर म्हणजे चार टप्पे. जाऊन-येऊन दिवसाला सुमारे ऐंशी रुपये, पंचवीस दिवसांचे दोन हजार. त्याचा तिसरा हिस्सा साधारण 670 रुपये. 2021 च्या दरवाढीपूर्वी याच ढोबळ हिशेबाने पाचशे रुपये पडले असते. पास आकारणीच्या नियमांनी प्रत्यक्ष रक्कम थोडी इकडे-तिकडे होईल, पण चित्र बदलणार नाही. घरात दोन मुलगे शिकत असतील तर महिन्याला 1,340 रुपये. 2025-26 साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाची मजुरी 312 रुपये होती. म्हणजे दोन मुलांना केवळ वर्गाच्या दारापर्यंत पोहोचविण्यासाठी त्या घराने दरमहा चार दिवसांहून अधिक राबावयाचे.

हा झाला सर्व काही सुरळीत असतानाचा खर्च. आठवड्यातून दोन दिवस फेरी रद्द झाली आणि वडापला जाता-येता साठ रुपये मोजावे लागले, तर महिन्याला आणखी 480 रुपये गेले. पासाचे पैसे आधीच भरलेले असतात आणि ते परत मिळत नाहीत. शहरातील सुस्थित कुटुंबाला ही रक्कम किरकोळ वाटेल. तेवढ्या पैशांत एका रविवारचे बाहेरचे जेवणही होत नाही. ज्या घरात किराणा आठवड्याच्या बाजारच्या मजुरीवर येतो, तेथे मात्र ही रक्कम निर्णायक ठरते. ‘यंदा धाकट्याला घरीच ठेवू’ हे वाक्य अशाच हिशेबातून जन्माला येते. त्याची नोंद कुठल्याही कागदावर ‘प्रवासखर्च’ म्हणून होत नाही. शाळेच्या दप्तरात तो मुलगा आधी ‘सतत गैरहजर’ असतो आणि नंतर नसतोच.

अंतराशी झुंजलेला महाराष्ट्र

गाव आणि शाळा यांमधील अंतर ही या भूमीची जुनी अडचण आहे, आणि तिच्याशी झुंजण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली आणि पुढे विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. शिकण्याची इच्छा असूनही राहण्या-जेवण्याची सोय नाही म्हणून खेड्यातील मूल मागे राहते, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणणारे वसतिगृह सुरू केले. मूल रोज शाळेत येऊ शकत नसेल तर त्याला शाळेजवळच आणून ठेवावे, हे त्या काळाचे उत्तर होते.

1 जून 1948 रोजी पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) यांदरम्यान पहिली एसटी धावली, आणि पुढील दशकांत या प्रश्नाला दुसरे उत्तर सापडले. रात्री गावात मुक्कामी राहणारी आणि पहाटे तालुक्याकडे निघणारी गाडी ही ग्रामीण शिक्षणाची एक अघोषित संस्थाच ठरली. मुलांना घर न सोडता शिकता येऊ लागले. सकाळी जनावरांचे शेण काढून, आईला दोन घागरी पाणी भरून देऊन वर्गात बसणारी आणि संध्याकाळी चुलीपुढे गृहपाठ करणारी पिढी याच गाडीने घडविली. आज शहरांतून स्थिरावलेल्या कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांतील पहिला पदवीधर याच मुक्कामी गाडीचा पासधारक होता. हे ऋण त्या कुटुंबांनी विसरता कामा नये.

कायदा थांबतो तेथे अंतर सुरू होते

शिक्षणहक्क कायदा 2009 साली झाला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावयास हवी. जेथे ती नाही तेथे वाहतुकीची सोय अथवा भत्ता देणे अपेक्षित आहे. परंतु या कायद्याचा हक्क सहा ते चौदा या वयापुरता, आठवीपर्यंतचा आहे. गावात चौथी किंवा सातवीपर्यंतची शाळा असतेच. मूल खऱ्या अर्थाने गाव सोडून प्रवास करू लागते ते नववीत, आणि अकरावीत तर हमखास. म्हणजे जेथे कायद्याचा हात सुटतो, नेमके तेथेच अंतर वाढते.

त्यातच 2023 पासून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार राज्यात मूळ धरू लागला. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही त्याची उदाहरणे म्हणून मांडली गेली. चार मुलांच्या एकाकी वर्गापेक्षा भरलेली, सुसज्ज शाळा शिक्षणाच्या दृष्टीने चांगली, हा युक्तिवाद सर्वस्वी अनाठायी नाही. पण ही योजना उभी राहते ती वाहनाच्या भरवशावर. घाटवाटेवरच्या वाडीतील शाळा बंद झाली आणि वाहन दोन वर्षांनी बंद पडले, तर त्या वाडीला ना शाळा उरेल ना वाट. म्हणून वाहतुकीची कायमस्वरूपी तरतूद झाल्यावाचून कोणत्याही वाडीवरील शाळेचे दार लावले जाऊ नये.

सवलतींतील विसंगती

मुलींच्या बाबतीत महाराष्ट्राने निश्चितच दूरदृष्टी दाखविली आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेतून पूर्वी पाचवी ते दहावीच्या आणि पुढे बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा विनामूल्य पास मिळू लागला. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा उभारून वाटसरूंची चिंता वाहणाऱ्या अहिल्यादेवींचे नाव शाळेची वाट चालणाऱ्या मुलींच्या योजनेला लाभावे, यापेक्षा समर्पक काय असेल! 2025 मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने झालेल्या गौरवात या पासाचाही वाटा मोठा मानला पाहिजे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत 125 मागास तालुक्यांत मुलींसाठी धावणाऱ्या स्वतंत्र गाड्यांनीही अनेक गावांतील पालकांची भीती दूर केली.

तरीही या व्यवस्थेतील सांधे नीट जुळलेले नाहीत. 2024 मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णपणे माफ केले. हा निर्णय मोलाचा आहे. पण मोफत पासाची मर्यादा बारावीला संपते आणि शुल्कमाफी बारावीनंतर सुरू होते. ज्या मुलीची हजारो रुपयांची फी शासन भरते, तिलाच महाविद्यालयापर्यंत पोहोचण्यासाठी दरमहा पासाचे पैसे उभे करावे लागतात. नाव किनाऱ्याला लागली, पण उतरावयाची फळीच टाकलेली नाही, असा हा प्रकार आहे.

दुसरी विसंगती मुलांची. भारतीय रेल्वेत बारावीपर्यंतच्या मुलांना आणि पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते शाळा-महाविद्यालय असा द्वितीय श्रेणीचा मासिक पास विनामूल्य मिळतो. म्हणजे लोकलने शाळेत जाणाऱ्या डोंबिवलीच्या दहावीतील मुलाला हा पास फुकट आहे, आणि मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या त्याच वयाच्या मुलाला एसटीचा एक तृतीयांश भार उचलावा लागतो. त्याच एसटीत ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना विनामूल्य आणि मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्म्या दरात प्रवास सुरू झाला. ज्येष्ठांचा आदर आणि मातृशक्तीचा सन्मान याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण निवृत्तिवेतन असलेले आजोबा पैसे न देता देवदर्शनाला जातात आणि शेजारच्या आसनावरील चौदा वर्षांचा मुलगा पैसे देऊन शाळेत जातो, या दृश्यात प्राधान्यक्रम कुठेतरी चुकला आहे, हे ते आजोबाही मान्य करतील.

पास आहे, गाडी नाही

भाड्यापेक्षाही गंभीर प्रश्न गाडीचा आहे. कोरोनापूर्वी महामंडळाकडे अठरा हजारांहून अधिक गाड्या होत्या. नंतरच्या वर्षांत ही संख्या पंधरा हजारांच्या आसपास घसरली. गाड्या कमी पडल्या की कोणत्या फेऱ्या आधी बंद होतात, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. लांब पल्ल्याची, उत्पन्न देणारी गाडी सुटते आणि आडवाटेची, सवलतीच्या पासधारकांनी भरलेली सकाळची गाडी ‘आज येणार नाही’. आगार व्यवस्थापकाला उत्पन्नाचे उद्दिष्ट असते. विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेली गाडी त्याच्या कागदावर तोट्याची ठरते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. दोष आहे तो त्याच्यासमोर ठेवलेल्या मोजपट्टीचा.

गाडी नसणे म्हणजे काय, याचा अनुभव राज्याने 2021-22 मध्ये घेतला. दीड वर्षाच्या टाळेबंदीनंतर 4 ऑक्टोबर 2021 रोजी शाळा उघडल्या. त्याच महिन्यात भाडेवाढ झाली आणि महिनाअखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. संपामागील कर्मचाऱ्यांच्या वेदनाही खऱ्या होत्या. परंतु ज्या मुलांची सवय मोबाइलच्या पडद्यासमोर आधीच मोडली होती, त्यांना वर्गात परत आणण्याच्या नेमक्या काळात गावांची वाट बंद झाली. या काळात जी मुले शेतावर वा कामावर गेली, त्यांतील किती परतली नाहीत, हे त्या त्या गावातील शिक्षकांनाच ठाऊक.

ही खैरात नव्हे

सर्व काही फुकट वाटण्याची राजकीय शर्यत लागलेली असताना आणखी एका सवलतीची मागणी कशी करावी, असा आक्षेप विचारी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे, हे 2025 च्या श्वेतपत्रिकेतून समोर आलेच आहे. फुकटाची सवय समाजाला दुबळे करते, हेही खरे. पण मतांसाठी वाटलेली खैरात आणि पुढील पिढीच्या सामर्थ्यासाठी केलेली गुंतवणूक यांत विवेक करता आला पाहिजे. शाळेत जाणारे मूल मतदार नसते. ते सवलत घेऊन घरी बसत नाही, पहाटे उठून पंचवीस किलोमीटर जाते. त्याच्याकडून कष्ट आधी वसूल झालेले असतात.

अशा गुंतवणुकीचे फळ मोजताही येते. बिहारने 2006 मध्ये नववीतील मुलींना सायकलसाठी पैसे देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींच्या प्रवेशांत सुमारे 32 टक्क्यांची वाढ आणि मुलगा-मुलगी यांच्यातील तफावतीत 40 टक्क्यांची घट दिसून आली. विशेष म्हणजे हा परिणाम माध्यमिक शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत ठळक होता. मुलींच्या मनात शिकण्याची ओढ आधीही होती. वाट आड आली होती, ती सायकलने मोकळी केली.

उलट बाजूचा धडा केरळचा आहे. तेथे 1957 मध्ये सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट सरकारने कुट्टनाड भागातील बोटसेवा ताब्यात घेतली आणि विद्यार्थ्यांचा एक आण्याचा सवलतीचा दर दहा नव्या पैशांवर नेला. वाढ अवघ्या चार नव्या पैशांची. पण 1958 मध्ये तिच्याविरुद्ध उभे राहिलेले ‘एक आणा आंदोलन’ राज्यभर गाजले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पाण्याने वेढलेल्या त्या गावांत बोट हीच शाळेची एकमेव वाट होती. वाट एकच असेल तेव्हा त्यावरील चार पैसेही लहान नसतात, हे सत्ताधाऱ्यांना उमगले नाही.

शासनाचे काम, समाजाचे काम

मग काय व्हावे? पहिली गोष्ट, बारावीपर्यंतच्या मुलांनाही साध्या एसटीतून घर ते शाळा प्रवास विनामूल्य असावा. रेल्वेने जे मान्य केले आहे ते एसटीला अशक्य नाही. दुसरी, शुल्कमाफीस पात्र ठरलेल्या मुलीला तिच्या अभ्यासक्रमाच्या अखेरपर्यंत पासही विनामूल्य मिळावा. तिसरी, या सवलतींची भरपाई शासनाने महामंडळाला वेळेवर आणि पूर्ण द्यावी. तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर आकारावयाचा आणि सवलतीची रक्कम मात्र रखडवायची, हा एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेण्याचा व्यवहार झाला. निदान शालेय फेऱ्यांना या करातून मोकळे करता येईल. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: ज्या मार्गावर ठरावीक संख्येने विद्यार्थ्यांचे पास दिले गेले, त्या मार्गावरील सकाळ-संध्याकाळची फेरी आगाराला रद्द करता येऊ नये. पास हा भाड्याचा कागद न राहता फेरीची हमी ठरावा. आगाराचे मूल्यमापन करताना उत्पन्नासोबत ‘वेळेवर सुटलेल्या शालेय फेऱ्या’ हाही निकष असावा.

परंतु सारे काही शासनावर सोपवून समाजाने मोकळे होणे ही आपली रीत नव्हे. शाहू महाराजांची वसतिगृहे लोकांच्या दानावर वाढली. भाऊरावांच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आज तेवढ्या त्यागाची गरज नाही, लक्ष देण्याची आहे. प्रत्येक गावातील चार जाणत्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावातून किती मुले रोज बाहेर शिकायला जातात आणि कोणत्या फेऱ्या चुकतात, याची महिनाभर वहीत नोंद ठेवावी. तारीखवार नोंदी असलेले निवेदन ग्रामसभेच्या ठरावासह आगारात गेले, तर त्याला उत्तर द्यावेच लागते. शाळेची वेळ आणि गाडीची वेळ यांत अर्ध्या तासाचा फरक असेल, तर मुख्याध्यापक आणि आगार व्यवस्थापक यांना एकत्र बसविण्याचे काम पालकांना करता येईल. गणेशोत्सव मंडळांनी मंडपाच्या खर्चातून गावातील पाच गरजू मुलांचे वर्षभराचे पास काढले, तर विद्येच्या देवतेची याहून योग्य पूजा ती कोणती? आणि एसटीच्या पासावर शिकून शहरात स्थिरावलेल्यांनी आपल्या मूळ गावातील एका मुलाच्या वाटेची जबाबदारी घेतली, तर त्या मुक्कामी गाडीचे ऋण थोडेफार फिटेल.

शाळेच्या भिंती बांधणे, फळे रंगविणे, संगणक बसविणे हे सारे आवश्यकच आहे. मात्र पहाटेच्या अंधारात थांब्यावर उभे असलेले मूल जोवर घंटा होण्याआधी वर्गात पोहोचत नाही, तोवर त्या साऱ्याचा त्याला उपयोग नाही. राष्ट्राच्या उभारणीची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी सकाळी सहा वाजता अशा एखाद्या थांब्यावर जाऊन त्या मुलासोबत गाडीची वाट पाहावी. गाडी आली तर त्याच गाडीत बसून त्याच्या शाळेपर्यंत जावे. आणि नाही आली, तर त्याच दिवशी आगारात जाऊन ती का आली नाही, हे विचारावे.